अडीच गाण्यांचा मार

माझा उजवा कोपर आजही पुरता सरळ होत नाही आणि याला चिनी रॉक संगीत जबाबदार आहे. डॉक्टरांना हे पटत नाही. पटायला ते त्या दुपारी कारखान्याच्या यार्डात असायला हवे होते.

मी श्रीगोंदा तालुक्यातला, बी.ए. झालेला ट्रॅक्टरवाला. हंगामात दोन ट्रॉल्या जोडून साखर कारखान्यावर ऊस वाहतो. ऊस वाहणं म्हणजे चार तास ट्रॅक्टर चालवणं आणि वीस तास यार्डात नंबराला उभं राहणं. दोन-दोनशे ट्रॅक्टर ओळीनं उभे, माणसांना उद्योग नाही. मग जो तो आपला टेप लावतो. टेप म्हणायचं आपलं. टपाला चार स्पीकर, सीटखाली वूफर आणि आवाज असा, की शेजारच्या ट्रॉलीतला ऊस आपण होऊन पाचट सोडतो.

माझ्या टेपवर चिनी गाणी वाजायची. ती मला आतेभावानं दिली. तो वुहानला डॉक्टरकी शिकायला गेला होता. साथ आली तेव्हा सगळं सामान तिथंच टाकून अंगावरच्या जर्किनसकट घरी आला. जर्किनच्या खिशात एक पेन ड्राइव्ह होता. तो ज्या बाईच्या घरात भाड्यानं राहायचा, तिचा मुलगा एका बँडात ड्रम बडवायचा. चौघांनी मिळून तिच्याच स्वयंपाकघरात पाच गाणी रेकॉर्ड केली आणि त्याच आठवड्यात ड्रमवाल्यानं गिटारवाल्याचं नाक फोडलं. बँड तिथंच संपला. पेन ड्राइव्हमधली ती गाणी ना नेटवर गेली, ना कुठं विकली गेली.

"ऐक," आतेभाऊ म्हणाला, "पण डोकं उठलं तर माझ्याकडं गोळी मागू नको."

डोकं उठलं नाही, मी उठलो. सुरुवातीला एक जण थंडपणे काहीतरी बोलत राहतो, लाइट बिल वाचून दाखवावं तसं. मागं गिटार खडी क्रशरसारखी दळत असते. आणि मग तो माणूस अचानक टेबल उलथवून टाकल्यासारखा ओरडतो. पहिल्यांदा तो ओरडला तेव्हा मी गोठ्याच्या दाराला लाथ घातली. दार बिजागरीसकट शेजाऱ्याच्या कांद्यात जाऊन पडलं. म्हैस दोन दिवस उभ्यानं झोपली.

शब्द एक कळत नव्हता. मला वाटलं, युद्धाचं गाणं असणार, निदान खुनाचं. आतेभावाला अर्थ विचारला.

"घराखाली एक जण गाडीवर नूडल्स विकायचा. त्याला पोलिसांनी हाकललं."

"आन् पुढं?"

"पुढं काही नाही. हाकललं."

नूडल्सच्या गाडीसाठी माणूस एवढा पेटू शकतो, हे कळल्यावर मी त्या बँडचा जन्माचा गुलाम झालो. आमच्याकडं जमिनीच्या बांधावरून डोकी फुटतात, पण त्यावर कुणी गाणं केलेलं नाही.

आतेभाऊ म्हणत होता, मोबाईलमध्ये उतरवून ठेव. मी उतरवली नाहीत. खरं कारण सांगतो: मोबाईलमध्ये घेतली की कुणीतरी मागणार, मग ती गावभर होणार. मला अख्ख्या आशिया खंडात त्या पाच गाण्यांचा एकटा मालक राहायचं होतं. चांगला चाहता असा हलकटच असतो.

यार्डात माझ्या मागं रोज नेवासा तालुक्यातल्या सोनईकडचा एक ट्रॅक्टरवाला असायचा. आमच्या दोघांच्या तोडणीच्या टोळ्या एकाच शिवारात, त्यामुळं नंबरही लागून. माणूस असा दांडगा, की पंक्चर झालं तर जॅक न लावता ट्रॉली मांडीवर घ्यायचा. मी स्वतः पाहिलंय. निदान मांडी तरी पाहिलीय.

"ओ बी.ए.!" पहिल्याच दिवशी तो ओरडला. "कुत्र्यावर ट्रॉली घातली का काय?"

"गानं हाय ते."

"रडतोय का भांडतोय तो बाबा?"

"दोन्ही."

"मंग घरी भांड म्हनावं. हितं मान्सं झोपत्यात."

मी आवाज वाढवला. त्यानं चिखलाचं ढेकूळ मारलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या स्पीकरची वायर कोयत्यानं तोडली. तिसऱ्या दिवशी त्यानं माझ्या चहाच्या थर्मासात डिझेल ओतलं. मी निम्मा कप पिऊन दिवसभर धूर सोडत होतो. असा आमचा हंगाम चालला. रोज एकमेकांच्या अंगावर नवा वळ. मी मात्र गाणी बंद केली नाहीत.

त्या दुपारी माझा नंबर लागला. ट्रॅक्टर क्रेनखाली उभा होता. उसाच्या मोळीला साखळी अडकवलेली, समोर गव्हाण, म्हणजे ऊस जिथं टाकतात तो सरकता पट्टा. त्याच्या पलीकडं धारदार पाती गरागरा फिरत होती. टेपवर नूडल्सवाल्याचं गाणं ऐन ओरडण्यावर आलं होतं. मागचा सोनईकर तीन दिवस दाढदुखीनं झोपला नव्हता, हे मला नंतर कळलं. तो माझ्या ट्रॅक्टरवर चढला, हात घातला आणि पेन ड्राइव्ह उपटला. गायक ओरडता ओरडता तुटला.

"दे ते हिकडं," मी म्हणालो.

"देतो की," तो म्हणाला आणि त्यानं तो भिरकावला.

पेन ड्राइव्ह उसाच्या मोळीत जाऊन रुतला. लाल टोक मला स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात साखळी ताणली आणि मोळी वर निघाली. मी ट्रॉलीवर चढून उडी मारली आणि मोळीला लटकलो. दोन पुरुष उंच गेलो असेन. गावात मी सात सांगतो. क्रेनवाला बोंबलत होता. माझी बोटं लाल टोकापासून वीतभर अंतरावर, आणि खालून, ट्रॉलीवर चढलेल्या सोनईकरानं माझा पाय धरला.

"सोड! पात्यात जाशील, येड्या!"

त्यानं ओढलं. मी कोपरावर पडलो. काडकन आवाज आला, तो उसाचा नव्हता. वर मोळी गव्हाणीकडं सरकली, सुटली आणि माझी पाच गाणी पात्यांखाली गेली.

त्यानं माझा जीव वाचवला होता. मी उठून डाव्या हातानं त्याचे दोन दात पाडले.

मग काय झालं ते कुणीच नीट सांगत नाही, म्हणून मलाच सांगावं लागतं. श्रीगोंद्याचे एका बाजूला, नेवाशाचे दुसऱ्या बाजूला, आणि हातात दहा-दहा फुटांचे ऊस. पाठीत ऊस मोडला की दुसरा उपसायचा. दम लागला की हातातलं शस्त्रच सोलून खायचं, तरतरी आली की पुन्हा सुरू. एकाचं डोकं फुटलं, एकाचा कान लोंबायला लागला. सुरक्षारक्षक पाण्याचा फवारा घेऊन आले तेव्हा जमीन लालही होती आणि गोडही. माश्या जिल्हाभरातून आल्या.

महिनाभर हात प्लास्टरात. पण मार सोसवत होता, गाणी विसरणं सोसवत नव्हतं. पहिल्या आठवड्यात पाचही डोक्यात होती. मग दुसरं गाणं चौथ्यात घुसलं. पाचवं कुठल्याशा लग्नाच्या बँडच्या चालीवर जाऊ लागलं. आतेभावानं वुहानच्या घरमालकिणीला निरोप धाडले. तिचा मुलगा शहर सोडून गेला होता, तिलाही पत्ता नव्हता. मी घरच्यांवर डाफरत होतो, भिंतीवर मुठी मारत होतो.

एक दिवस यार्डातल्या एकानं सहज सांगितलं, की सोनईकर पारावर माझी चिनी गाणी मोबाईलवर लावून लोकांना हसवतो. मी प्लास्टरसकट आतेभावाच्या मोटारसायकलवर मागं बसलो.

सोनईत तो अंगणात ट्रॉलीला ग्रीस भरत होता.

"या! दुसरा हात मोडून घ्यायला आलाव का?"

"माझी गानी तुझ्याकडं हायेत म्हनं."

"हायेत. अडीच. तुझं येडेपन गावाला दावायला यार्डात मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतल्ती." त्यानं ओठ वर करून खिंडार दाखवलं. "ह्येचं काय करतो? आता भाकरी बी कुस्करून खातो मी."

"तू म्हनशील ते."

त्यानं ग्रीसनं माखलेली मूठ वळली. "एका गान्याला एक ठोसा. अर्ध्याला अर्धा."

आतेभावानं डॉक्टर म्हणून एकच अट घातली: कोपर सोडून कुठंही.

पहिला जबड्यावर बसला. मी कणगीवर जाऊन आदळलो. गाणं आतेभावाच्या मोबाईलमध्ये आलं. दुसरा पोटात; सकाळची न्याहारी बाहेर आली आणि दुसरं गाणं आत गेलं. अर्धा ठोसा कसा असतो ते त्या दिवशी कळलं: मूठ पूर्ण वेगानं येते आणि लागायच्या आधी उघडते. कानात अजून शिट्टी वाजते.

रक्त थुंकून मी ऐकायला बसलो. गाण्यांवर सगळीकडं त्याच्या शिव्या. गिटार चढली की त्याची एक शिवी, गायक ओरडला की दुसरी. पण खाली माझं गाणं होतं, जिवंत. तिसरं नूडल्सवाल्याचं. अर्ध्यात त्याची बॅटरी संपलेली.

मी खाली मान घालून बसलो. तेव्हा तो ग्रीसचे हात पुसत पुढचा भाग गुणगुणू लागला. शब्दांसकट. हंगामभर ऐकून पाठ झालं होतं त्याला.

मी म्हणालो, "तसं न्हाई ते. तिथं गिटार वर जाती."

"खाली जाती."

"गानं माझं हाय!"

"तू डोळं मिटून बसायचा. कान माजं फाटत हुतं. खाली जाती."

मी डावी मूठ वळली. त्यानं बाही सरसावली. आतेभाऊ मध्ये आला, रेकॉर्डिंग चालू करून मोबाईल पुढं धरला आणि म्हणाला, "आधी एकेकदा गाऊन द्या. मग फोडा एकमेकांना."

आधी सोनईकर गायला. शेवट त्यानं खाली नेला. मी त्याला संपवू दिलं नाही.