राख गप होईपर्यंत

राखेच्या ढिगापाशी आले की मामा आधी तांब्यातलं ओंजळभर पाणी त्यावर शिंपडायचे आणि मान वाकडी करून ऐकत उभे राहायचे. बारीकसा चर्र आवाज आला की हात आडवा करायचे. "आजून बोलतीया. गप झाली की न्या." आवाज आला नाही तरी पुन्हा एकदा शिंपडायचे, पुन्हा ऐकायचे, आणि मग कुठं म्हणायचे, "न्या आता."

भोरजवळच्या एका चुरमुऱ्याच्या भट्टीवर ते कामाला होते. भट्टीत भाताचं तूस जाळायचं आणि खालची राख ओढून मागच्या मोकळ्या जागेत टाकायची, हे त्यांचं काम. त्यांना नाव होतं, पण सगळे मामाच म्हणायचे. अशी राख तुम्ही पाहिली असेल. वरून करडी, मऊ, मांजरानं येऊन झोपावं अशी. आत मात्र आठ-आठ दिवस विस्तव जागा असतो.

माणूस कमालीचा भित्रा. एसटीत दाराजवळच बसायचे. मोबाईल चार्जिंगला लावला की तो भरेपर्यंत शेजारी राखण करायचे. मोटारसायकलवर तर उभ्या जन्मात बसले नव्हते. भट्टीवरच्या बायका चिडवायच्या, "मामा, राख काय चावती व्हय?"

"चावत न्हाई," मामा म्हणायचे. "गिळती."

त्यांच्या डाव्या पायाची बोटं भाजून एकमेकांना चिकटलेली होती. ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

माझा त्यांच्याशी संबंध आला नारळांमुळे. भाटघर धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला आमची उताराची जमीन आहे. तिथं मी साठ नारळाची रोपं लावली. तुसाची राख रोपांना मानवते. बुंध्यापासून वीतभर लांब, आळ्यात टाकून मातीत मिसळायची. शिवाय भट्टीवाल्याला ती नकोच असते. पहिल्या खेपेला मामांनी मला आठ दिवस थांबवलं, दुसऱ्या खेपेला दहा. माझा स्वभाव थांबण्याचा नाही.

तिसऱ्या खेपेला फाल्गुन लागला होता. मामा बाजाराला गेले होते आणि आमच्या बाजूला रिकामा जाणारा टेम्पो समोर उभा होता. भट्टीचा मालक म्हणाला, मामांना येऊ द्या. मी म्हटलं, राखेला काय मुहूर्त बघायचाय? डावीकडच्या ढिगात मी स्वतः हात घालून पाहिला. गार होता. भरा म्हटलं. शेताच्या वरच्या बांधाशी ढीग ओतून टेम्पो निघून गेला.

दोनच्या सुमाराला मामांचा फोन आला.

"ताई, डावीकडचा ढीग तुमी न्हेला?"

"हो. गार होता मामा. हात घालून बघितला मी."

"किती आत?"

"मनगटापर्यंत."

मग त्यांनी विचारलं, "रोपांवर टोप्या हायत का आजून?"

टोप्या म्हणजे वाळल्या गवताच्या. पहिल्या उन्हाळ्यात रोपं करपू नयेत म्हणून चार काठ्या रोवून प्रत्येकावर आम्ही गवताची सावली केली होती. साठ रोपं, साठ सुक्या टोप्या. त्यांच्या खालच्या अंगाला वस्तीची पाच घरं आणि घरांच्या पुढ्यात गवताच्या गंजी. दुपार कलली की डोंगरावरून वारा उतरतो, तो आमच्याकडे रोजच उतरतो. हे सगळं मला माहीत होतं, पण वेगवेगळं माहीत होतं. मामांच्या त्या प्रश्नानं ते एका ओळीत उभं राहिलं.

"टोप्या काडा आदी," मामा म्हणाले. "ढिगावर बादली ओतू नका, निखारं उडत्याल. म्या येतो."

शेतावर काम करणारं एक जोडपं होतं. त्यातल्या गड्याला मी वस्तीत पिटाळलं, कारण त्या वेळी तिथं म्हातारी माणसं आणि लहान पोरंच असतात. त्याची बायको आणि मी टोप्या उपसायला लागलो. निम्म्या झाल्या असतील, तेवढ्यात ती हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, ढिगाकडं बगा."

वारा सुटला होता. वरची करडी राख पीठ उडावं तशी उडत होती आणि तिच्याखाली लाल दिसत होतं. वाऱ्याबरोबर ते लाल फुलायचं, विझल्यासारखं व्हायचं, पुन्हा फुलायचं. जाळ नाही, धूर नाही, आवाज नाही. ओरडावं असं काहीच दिसत नव्हतं, आणि तेच भयंकर होतं. बांधाजवळच्या एका टोपीनं पेट घेतला. मी ओलं पोतं टाकून ती दाबली. तोवर शेजारची पेटली.

मोटारसायकल आली ती तेव्हा. मालकाच्या मागे मामा बसले होते, डोळे गच्च मिटलेले. त्याचा शर्ट मुठीत इतका आवळलेला की दोन गुंड्या तुटल्या होत्या. उतरल्या उतरल्या घमेलं उचललं. त्यांनी ते खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग वाऱ्याकडे पाठ करून ढिगावर माती टाकायला लागले. आधी कडेनं, हळूहळू आत सरकत. आम्हालाही तसंच लावलं. "घाई न्हाई," एवढंच म्हणत होते. "घाई न्हाई." सगळा ढीग मातीखाली गेला. मातीवर ओली पोती, पोत्यांवर पाण्याचा शिपका. तासाभरानं लाल दिसेनासं झालं.

चार रोपं गेली. घरं राहिली.

मी बोलणी खायच्या तयारीनं उभी होते. मामा बांधावर बसून डावा पाय चोळत होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मामा, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की," ते म्हणाले. "म्हून तर आलो."

परत जाताना मोटारसायकलवर बसायला त्यांनी साफ नकार दिला. एसटीच्या थांब्यापर्यंत चालत गेले. वाटेत दोनदा थांबून मागे ढिगाकडे पाहिलं.

गेल्या पावसाळ्यात मामा वारले. भट्टीवर आता दुसरा माणूस आहे. चटपटीत आहे, मागाल तेव्हा राख भरून देतो. माझ्या नारळांना आता टोप्या लागत नाहीत, पण राख लागते. मी तांब्या घेऊन ढिगाशी जाते, पाणी शिंपडते आणि मान वाकडी करून ऐकते. तो माणूस हसतो. म्हणतो, "ताई, पंधरा दिसांची हाय ही."

राख गप असते. पण "न्या आता" म्हणायला कुणी नसतं, म्हणून मी आणखी एक दिवस थांबते.