धूर थांबला तेव्हा

डोंगराचा धूर थांबला त्या सोमवारी सुईतात्यांनी कचेरीत दुसऱ्यांदा चहा मागवला आणि तोही जास्त साखरेचा. स्वारी किती खुशीत होती ते यावरूनच ओळखावं.

सुईतात्या ज्वालामुखीवर नजर ठेवणाऱ्या कचेरीत कामाला होते. फिरत्या नळकांड्यावर रोज सकाळी नवा कागद चढवायचा, जमीन हलली की सुई त्यावर रेघ ओढते ती वाचायची आणि वहीत शेरा लिहायचा. सव्वीस वर्षांत आपली एकही चूक नाही, असं ते स्वतःच सांगत. दुसऱ्याला सांगायची संधीच देत नसत.

त्यातली बावीस वर्षं मात्र दुसऱ्याच डोंगरापाशी गेलेली. तो पालथ्या परातीसारखा पसरट होता. त्याचा लाव्हा पातळ. थरावर थर वाहत जाऊन डोंगर रुंदच रुंद झालेला. लाव्हाचे ओघळ आले की लोक लांब उभे राहून बघत बसायचे. धूर थांबला की डोंगर झोपला, असं तिथलं साधं गणित. इथला डोंगर उभा, टोकदार. लाव्हाचा थर, त्यावर राखेचा, पुन्हा लाव्हाचा, असा चढत गेलेला. तात्या इथे चार वर्षं होते, पण गणित जुनंच घेऊन बसले होते.

धुरामुळे वरच्या आळीतली माणसं तीन महिने खालच्या शाळेत राहत होती. त्यात तात्यांची थोरली बहीण, आक्काही होती. वर तिची लाँड्री बंद पडलेली, म्हणून ती नुसती धुमसत होती. गुरुवारी साहेबांनी विचारलं, "तात्या, तुमचं काय मत?"

"झोपला तो, साहेब. खुशाल जाऊ द्या सगळ्यांना."

आळी आनंदाने वर गेली. मधवाला तर मधमाश्यांच्या पेट्या घेऊन आळीच्याही वर, उतारावर निघाला. "तात्या, नक्की ना?" त्याने विचारलं.

"अरे, माझी सख्खी बहीण जातेय. आणखी काय लिहून देऊ?"

शनिवारी सकाळी कचेरीत नव्याने आलेल्या शास्त्रज्ञ बाई धावतच आत आल्या. "तात्या, डोंगराची कूस फुगलीय. धूर थांबल्यापासून वीतभर!"

"पण धूर तर..."

"इथला लाव्हा घट्ट आहे. त्यातून वायू सहज सुटत नाही. धूर थांबला, म्हणजे तोंडाला बूच बसलंय. आत दाब वाढतोय."

पायाखालची जमीन सरकली की रेघ उमटते, हे त्यांना माहीत होतं. स्वतःच्या पायाखालची अशी कधी सरकली नव्हती. बाईंनी भोंगा सुरू केला आणि तात्या जीपमध्ये चढले.

आक्का मोठ्या पातेल्यात कपड्यांना लावायची खळ ढवळत होती. "भोंगे काय, तीन महिने वाजतायत! तूच म्हणालास ना, झोपला म्हणून? तुझं कधी चुकतं का?"

"चुकलं, आक्का." त्यांनी पातेल्याकडे बोट दाखवलं. "खळ पातळ असली तर उकळताना काय होतं?"

"बुडबुडे येतात नि जातात."

"आणि घट्ट असली, वर साय धरली तर?"

आक्काने मनगटावरचा जुना भाजल्याचा डाग बघितला. घट्ट खळ कशी अंगावर उडते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिने शेगडी विझवली आणि चपलाही न घालता ती रस्त्यावर आली. आक्का निघालेली बघून सगळी आळी निघाली.

मधवाल्याची बायको तेवढी दारातच उभी होती. "हे वर पेट्यांपाशी गेलेत," ती म्हणाली.

तात्यांनी जीपचा हॉर्न दाबून धरला. उतारावर दूर एक ठिपका उभा राहिला आणि त्याने हात हलवला. कुणी ओळखीचं आलंय, असं त्याला वाटलं असावं. तात्या गळा फाटेस्तोवर ओरडले, आणि तेवढ्यात डोंगराचं टोकच उडालं. राखाडी लोट उतारावरून घरंगळत आला आणि ठिपका होता ती जागा क्षणात दिसेनाशी झाली. दोघा-तिघांनी मधवाल्याच्या बायकोला उचलून जीपमध्ये घातलं. भर दुपारी दिवे लावून, टपावर दगड झेलत, जीप खाली पोचली.

शाळेत आक्का भेटेल त्याला सांगत होती, "माझ्या भावाने सांगितलं, म्हणून आम्ही वाचलो!"

तात्या पाण्याचे पेले वाटत होते. मधवाल्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. तिच्या केसांत राख होती. त्यांनी तिच्यापुढे पेला धरला.

"आमच्या ह्यांनाही तुम्हीच सांगितलं होतं," ती म्हणाली. आवाजात रागसुद्धा नव्हता.

तिने पेला घेतला. तात्यांचा हात मात्र तसाच पुढे राहिला.