सांगलीचा पोरगा

आटपाडीतल्या एका लहान दवाखान्याच्या लॅबमध्ये मी रक्त-लघवी तपासते. साताऱ्याहून इथे आले त्याला नऊ वर्षं झाली. मला भुताखेतांचे सिनेमे आणि गोष्टी लहानपणापासून आवडतात, पण हे सांगण्यासारखं इथे कुणी नव्हतं. एका रविवारी दुपारी माझ्या खोलीतून किंकाळ्या ऐकू आल्या म्हणून घरमालकीणबाई काठी घेऊन वर आल्या. सिनेमा आहे म्हटल्यावर खाटेच्या कडेला टेकल्या, थोडा वेळ बघत बसल्या आणि जाताना म्हणाल्या, "दिसभर रगात बगता, आन सुट्टीलाबी त्येच?"

त्यामुळे माझं सगळं बोलणं फोनवरच व्हायचं. एका मोठ्या साइटवर मराठी भयप्रेमींचा गट होता आणि मी त्याच्या चार मॉडरेटरांपैकी एक. शिवीगाळ पुसायची, कुणी सिनेमाचा शेवट आधीच फोडला तर त्याला समज द्यायची, नवख्यांना काय बघावं ते सुचवायचं. मग साइटच्या मालकांनी नियम बदलले. आम्ही ज्या ॲपवरून काम करायचो ते बंद पडलं, जुन्या पोस्ट गायब होऊ लागल्या. हौशी लोकांनी स्वतः चालवलेली, जाहिराती नसलेली एक नवी जागा होती. तिकडे जायचं असं आम्ही चौघांनी ठरवलं. मी गेले. बाकीचे तिघं "येतोच" म्हणाले आणि आले नाहीत.

तिथे मी तीन दालनं उघडली. एक सिनेमांचं, एक पुस्तकांचं आणि तिसरं आपापल्या गावच्या भुतांचं. नियम लिहिले, वर लावायला चित्रं शोधली, रोज एक प्रश्न टाकला. तुम्हाला पहिल्यांदा कशाची भीती वाटली, असा पहिला प्रश्न होता. उत्तर कुणीच दिलं नाही. पक्ष्यांचं दालन काढू बघणाऱ्या एका गृहस्थांना मी सगळं कसं करायचं ते शिकवलं, तर त्यांच्याकडे आठवड्यात माणसं जमली. माझ्याकडे महिना झाला तरी मीच. डबा खाताना फोन उघडायचा, कुणी नाही हे बघायचं आणि पुन्हा सुईला हात घालायचा, असं चाललं होतं.

मग एका दुपारी मी दुसरं खातं काढलं. रिकाम्या हॉटेलात कुणी शिरत नाही, दोन माणसं बसलेली दिसली की तिसरा येतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. सांगलीत इंजिनिअरिंग शिकणारा पोरगा मी तयार केला. त्याचं लिहिणं तुटक ठेवलं, ऱ्हस्व-दीर्घ मुद्दाम चुकवलं. मला संथ, घरातल्या घरात घडणारे सिनेमे आवडतात, म्हणून त्याला रक्ताचे पाट आवडतात असं ठरवलं. आमची छान भांडणं व्हायची. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला बरं वाटत होतं. लॅबमधून घरी येताना त्याला आज काय बोलायला लावावं याचा विचार करत मी चालायचे.

आणि माणसं आली. पहिले आले ते कोयनानगरचे एक काका, वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. भाच्याने त्यांच्या फोनवर ही जागा उघडून दिली होती. ते एका बोटाने टाइप करत आणि बोलतात तसंच लिहीत. मॉडरेटर म्हणून माझ्याशी ते अदबीने वागत. पोरगा मात्र त्यांना फार आवडला. ते त्याला खाजगीत लिहू लागले. "जेवला का रं?" "परीक्षा कवा हाय?" बायको गेल्यापासून घरात टीव्ही चालू ठेवूनच झोपतो, हे त्यांनी त्याला सांगितलं. मुलगा परदेशात आहे आणि फोनवर दोन मिनिटांच्या वर बोलत नाही, हेही सांगितलं. मी पोराच्या नावाने उत्तरं देत गेले. बंद करायला हवं हे रोज कळत होतं.

दीड महिन्याने त्यांनी लिहिलं की मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मंगळवारी सांगलीला येतोय, कॉलेजातून सुटका झाली तर दहा मिनिटं भेटून जा. पोरगा आजारी आहे असं मी लिहिलं असतं तर सुटले असते. तसं लिहिलंही होतं, पण पाठवलं नाही. रजा टाकली आणि एसटीत बसले. तासगावच्या पुढे बेदाण्याच्या शेडवर शेड मागे पडत होत्या आणि काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते.

त्यांनी कळवलेल्या दवाखान्यात ते बाकावर एकटेच बसले होते. भाचा औषधं आणायला खाली गेला होता. डोळ्यांत थेंब घातलेले, त्यामुळे समोरचं धड दिसत नव्हतं. मांडीवर पिशवी होती. मी शेजारी बसले, दालन चालवणारी बाई मीच असं सांगितलं. ते खूश झाले, एवढ्या लांबून कशाला तरास घेतला म्हणाले. मग त्यांनी पिशवी चाचपली आणि पोरगं येणार हाय, त्याच्यासाठी मध आणलाय, असं सांगितलं.

"काका, तो येणार नाही," मी म्हणाले. "तो नाहीच. मीच लिहीत होते."

त्यांनी मान माझ्या दिशेने वळवली.

"म्हंजे पोरगा न्हाईच?"

"नाही."

"मग माझ्या बायकूचं मी कुणाला सांगितलं?"

मला, असं मी म्हणाले. दालन रिकामं होतं, कुणी येत नव्हतं, हेही सांगायला लागले, पण त्यांनी हात वर केला. रागावले नाहीत. "तुमाला सांगितलं नसतं मी," एवढंच म्हणाले. तेवढ्यात नर्सने त्यांना आत बोलावलं. मी दंडाला धरून उठवायला गेले, तर त्यांनी हात हळूच सोडवून घेतला आणि भिंत चाचपत गेले. पिशवी काखेत धरलेली होती. भाचा वर येईपर्यंत मी तिथेच बसून राहिले, मग निघाले.

त्याच संध्याकाळी मी दालनात सगळं लिहून टाकलं आणि पोराचं खातं बंद केलं. काहीजण चिडून निघून गेले. वाईच्या एका शिक्षिकेने लिहिलं की चूक झाली, आता पुढे चला, आणि मॉडरेटरचं अर्धं काम तिने स्वतःकडे घेतलं. काकांचं नाव सभासदांच्या यादीत राहिलं, पण दोन-अडीच महिने त्यांचा एक शब्दही आला नाही. त्यांचा डोळा बरा झाला का, हे मला कुणाला विचारता येत नव्हतं.

मग एक दिवस गावच्या भुतांच्या दालनात त्यांनी लांबलचक मजकूर टाकला. वीजकेंद्राच्या कॉलनीत रात्री जमीन हलली की पोरं-बाळं रस्त्यावर येऊन बसत. सगळे परत आत गेले तरी एक घर रिकामंच राहायचं आणि त्या घरातून भांडी लावल्याचा आवाज यायचा, असं काहीतरी. फार छान लिहिलं होतं. खाली लोकांनी भराभर प्रश्न विचारले आणि काकांनी प्रत्येकाला उत्तर दिलं. मी फक्त "आवडलं, काका" असं लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही.

आता तिन्ही दालनं चालतात. मी एखाद दिवस फोन उघडला नाही तरी कुणाचं अडत नाही. रविवारी दुपारी तीन वाजता आम्ही सगळे आपापल्या घरी एकच सिनेमा एकाच वेळी सुरू करतो आणि बघता बघता लिहीत जातो. काकाही असतात. शिक्षिकेशी, बाकीच्यांशी त्यांची थट्टामस्करी चालते. माझ्या पोस्टच्या वरून आणि खालून त्यांचं बोलणं जातं. मीही त्यांना उद्देशून काही लिहीत नाही. गेल्या रविवारी सिनेमा माझ्या आवडीचा होता, संथ, एका घरातला. मध्येच त्यांनी सगळ्यांना लिहिलं की ह्यो लय भारी हाय, कुणी सुचवला? शिक्षिकेने माझं नाव सांगितलं. त्यानंतर ते काही बोलले नाहीत, पण त्यांच्या नावापुढचा हिरवा ठिपका सिनेमा संपेपर्यंत होता.