आजीवर पाळत

आजी ऐंशी वर्षांची झाली त्या दिवशी मी तिचा पाठलाग केला.

संशय आठवडाभर डोक्यात घोळत होता. आजी गॅलरीत फोनवर कुजबुजायची. मी जवळ गेले की "राँग नंबर!" (राँग नंबरशी कोण इतकं लाजून हसतं?) आजकाल म्हाताऱ्या माणसांना गोड बोलून गंडवतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. वाढदिवसाच्या दुपारी ती ठेवणीतलं लुगडं नेसली, पावडर लावली आणि तिच्या मालवणीत म्हणाली, "देवळात जावन येतंय."

देवळात? हातात ना फूल ना नारळ! मीही ओढणी तोंडाला गुंडाळून निघाले. आजीने मागे वळून पाहिलं तशी मी रिक्षामागे लपले. तेवढ्यात रिक्षाच निघून गेली! चारकोपच्या भर रस्त्यात मी एकटीच वाकून उभी. नशीब, आजीला लांबचं दिसत नाही.

ती मागच्या सेक्टरमधल्या तळमजल्यावरच्या एका घरात शिरली. आतून पुरुषाचा आवाज आला, "लवकर ये गं! दार लाव, कुणी बघेल!"

मी लगेच भावाला फोन लावला. "निल्या, धावत ये! आजीची वाट लागली!"

निलेश आला. सोबत आई, आणि आईसोबत आमच्या बिल्डिंगचा वॉचमन, दंडुक्यासकट! आम्ही दार ढकललं.

आत फुगे. आठ-दहा म्हातारे-म्हाताऱ्या. कोंबडी-वडे. आणि मधोमध आजी, नाकाला क्रीम लागलेलं.

"आजी, हे काय? संध्याकाळी घरी पार्टी आहे ना!"

"म्हणान तर हय इलंय," आजी कडाडली. "गेल्या वर्षी तुझो बिनसाखरेचो केक खाल्लंय. मेणबत्तीय फुंकूक दिलंस नाय. म्हणे खोकलो होतलो!"

निलेश हसून खाली बसला. आईने तर वडाच उचलला! वॉचमनलाही ताट मिळालं.

एका आजोबांनी मात्र माझ्याकडे रोखून पाहिलं आणि आपलं ताट हळूच पाठीमागे सरकवलं. "हीच का गं ती?"

"हीच," आजी म्हणाली.

पुढच्या वर्षीचं आमंत्रण घरातल्या सगळ्यांना आहे. वॉचमनलासुद्धा. मलाही आहे म्हणा, पण दारात आधी माझी पिशवी तपासणार आहेत, बिनसाखरेचा केक सापडला तर जप्त!