रानशेतला केदार जिवंत आहे

आमच्या मनीषाचं लग्न एका बुडून मेलेल्या तरुणामुळे मोडायला आलं होतं, आणि तो तरुण मुळात जन्मलाच नव्हता.

मनीषा म्हणजे माझ्या मेहुण्याची, रघुनाथची मुलगी. रघुनाथ रानशेतला राहतो, भात आणि नाचणी पिकवतो, आणि कागदावर लिहिलेल्या कुठल्याही गोष्टीवर त्याचा पूर्ण विश्वास असतो. मी डहाणूला राहतो, तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो आहे, आणि माझा कुठल्याच कागदावर विश्वास नसतो. मी स्वतः लिहिलेला सोडून. (पुढचं सगळं रामायण या ‘सोडून’मधून घडलं.)

मनीषा सायवनच्या आरोग्य केंद्रात नर्स आहे. तिथला पाण्याचा पंप जळाला तेव्हा तो दुरुस्त करायला तलासरीहून निलेश आला. त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. पंप एका दिवसात सुरू झाला, तरी निलेश पुढे महिनाभर तो ‘बघायला’ येत होता. तेव्हा घरच्यांनी काय ते ओळखलं. दोन्हीकडची पसंती झाली. उरली होती फक्त तारीख.

त्याच सुमारास ‘तेरावा ठोका’ नावाच्या रहस्यमालिकेने आमच्या भागात धुमाकूळ घातला होता. भाग बाराच. गोष्ट अशी, की एका बंदरावर जुनं घड्याळ आहे. ते कधीतरी तेरा ठोके देतं, आणि तेव्हा जवळ उभा असलेला माणूस पंधरा वर्षं मागे जाऊन पडतो. एका पोलीस अधिकाऱ्याचा धाकटा भाऊ, केदार, पूर्वी समुद्रात बुडून गेलेला असतो. त्याला वाचवायला हा अधिकारी मागे जातो. आता माणूस मागे जाऊन नशीब बदलू शकतो, की जे लिहिलंय ते होणारच? एवढ्या एका प्रश्नावर डहाणूच्या बाजारात कोळणी वजन करायचं विसरत होत्या! आमच्या न्हाव्याने तर ‘काळ बदलता येतो’ हे मला पटवून देताना माझ्या उजव्या कल्ल्याचा इतिहास असा बदलला, की डाव्याचाही बदलावा लागला.

मी पहिला भाग अर्धा पाहिला आणि झोपलो. उरलेल्या साडेअकरा भागांविषयी माझी मतं मात्र पक्की होती.

रघुनाथच्या पाड्यावर मोबाईलला रेंज नाही. बोलायचं असेल तर घरामागच्या टेकाडावर चढून मोहाच्या झाडाखाली उभं राहावं लागतं. मग मालिका कुठली दिसायला? एके दिवशी टेकाडावरून त्याचा फोन आला.

“भावोजी, अख्खा तालुका केदारला वळखतो, आमीच मागं राहिलो. काय तरी करा.”

मी बाराही भाग पेनड्राइव्हवर घेतले. (कायद्यात या कृतीला काय म्हणतात, ते वाचकांनी मला कळवू नये.) प्रत्येक भागाला स्वच्छ आकडा दिला, एक ते बारा. शिक्षकाचा हात स्वस्थ बसत नाही, म्हणून सोबत एक कागदही दिला: ‘सूचना. टीव्हीवर दिसणारी यादी वरून खाली पाहावी. मध्येच उडी मारू नये. शंका असल्यास मला विचारावे.’ खाली तारखेसह सही. रघुनाथने तो कागद टीव्हीशेजारी भिंतीला चिकटवला आणि त्यातल्या एका अक्षराबाहेर गेला नाही.

दिवाळी झाली, भात झोडून झालं, आणि एका रविवारी सकाळी तलासरीची मंडळी तारीख काढायला रानशेतला आली. निलेश, त्याची आई गंगाबाई आणि वडील रमणभाऊ. रमणभाऊ गावचे पंच. कुणाची म्हैस कुणाच्या शेतात शिरली, तरी निवाड्याला रमणभाऊ लागतात. त्यांनी चपला काढता काढताच आपला नियम सांगून टाकला.

“घर लहान असला तरी चालेल. पन खोटा बोलनारा घर आपल्याला नको. बराबर ने?”

“एकदम बराबर,” रघुनाथ म्हणाला. मीही मान हलवली. सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, माझ्याकडे पाहिलं. तिला का कोण जाणे, माझ्या मान हलवण्याची भीती वाटते.

रघुनाथच्या घरची रीत अशी, की तारीख ठरली की दोन्ही बापांनी एकाच तांब्यातलं गूळपाणी प्यायचं. एकदा प्यालं की शब्द फिरत नाही. रघुनाथची बायको जया हिने तांब्या भरून मधोमध ठेवला होता. पंचांग उघडलं, माघातला दिवस निघाला, दोघांनी माना डोलावल्या, रमणभाऊंचा हात तांब्याकडे गेला, आणि गंगाबाईंनी मोठा सुस्कारा सोडला.

“काय झाला वो विहीनबाई?” जयाने विचारलं.

“काय नाय गो. लग्नाचा विषय निघाला ने, तर तो केदार आठवला. असाच लग्नाचा पोर होता. मेला बिचारा.”

“मेला कुठं?” जया म्हणाली. “जित्ता हाय की!”

रमणभाऊंचा हात तांब्यापासून मागे आला.

“वहिनी, मेला तो. शेवटच्या भागात बुडाला. आमी डोल्यांनी बगितला. नशिबात लिवलेला कोन पुसनार?”

“तो पयल्या खेपेला बुडाला, रमणभाऊ,” रघुनाथ समजुतीच्या सुरात म्हणाला. “मंग घड्याळ परत वाजला, मोठा भाऊ परत मागं गेला, आनि दुसऱ्या खेपेला त्याला वाचवला. पुढं आठ भाग जित्ता हाय! शेवटाला दोगं भाऊ वाळूत बसून तळलेले बोंबील खातात.”

“बोंबील मरायच्या आदी खाल्ले!”

“मेल्याच्या नंतर!”

“अरे बापा, मेल्यानंतर बोंबील कोन खातो?”

“तेच तर मी सांगतो, तो मेला नाय!”

जया आणि गंगाबाई यांनी तोवर केदारच्या आईपर्यंत मजल मारली होती. एकीने तिला वैधव्याच्या जोडीला पुत्रशोकात बसवलं होतं, दुसरीने तिला सून शोधायला पाठवलं होतं. मनीषा पोह्यांच्या बशा घेऊन दारातच उभी राहिली. निलेश जमिनीकडे बघत बसला. तांब्याजवळ एक मुंगी आली, आत डोकावली आणि बाकीच्यांना बोलवायला गेली.

“भावोजींना विचारा!” रघुनाथ म्हणाला. “ते शिकलेले हायेत.”

या क्षणी शहाण्या माणसाने पोहे मागितले असते. मी उभा राहिलो. घसा साफ केला. काळ ही नदी नसून भोवरा आहे, इथून सुरुवात केली. (हे मी कुठे वाचलं ते आठवत नाही, न वाचलेलं असण्याचीही शक्यता आहे.) वाटेत कर्म, पुनर्जन्म आणि पानिपत घेतलं, आणि दहा मिनिटांनी निकाल दिला: “दोघंही बरोबर आहात. केदार एकाच वेळी मेलेलाही आहे आणि जिवंतही आहे.”

“गुर्जी,” रमणभाऊ शांतपणे म्हणाले, “माज्यासमोर साक्ष द्यायला आलेला मानूस असा बोलला, तर मी त्याला पयला बाहेर बसवतो.”

मग ते रघुनाथकडे वळले. “एक तर तुमी बगितलाच नाय, आनि बगितला सांगता. नायतर बगितला, आनि भलताच सांगता. दोन्हीत खोटाच हाय ने? बोंबलावर खोटा बोलनारा मानूस उद्या पोरीबद्दल काय बोलंल?”

आणि ते उठले. चपलांकडे निघाले. मनीषाने बशा तिथेच उंबऱ्यावर ठेवल्या. माघातला तो मुहूर्त माझ्या डोळ्यांदेखत मागच्या माघात निघून चालला होता.

“थांबा!” रघुनाथ ओरडला. “टीवी लावतो. शेवटचा भाग आत्ताच्या आत्ता बगा. मी खोटा असलो तर पोरगी देऊ नका!”

रिमोट घेऊन तो यादीत खाली खाली गेला आणि अगदी तळाचा भाग लावून थेट शेवटाला नेला. पडद्यावर समुद्र, मावळता सूर्य, वाळूत दोन भाऊ, मध्ये बोंबलाचं ताट. केदार खदाखदा हसत होता. ‘समाप्त’ नव्हतं, पण त्याच्याखाली यादीतही काही नव्हतं.

“हा काय भूत खातो?” रघुनाथने विचारलं. असा विजयी रघुनाथ मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

रमणभाऊ चप्पल हातात घेऊन मटकन खाटेवर बसले. “पन हा... हा तर मदला भाग हाय.”

“मदला कसा? ह्याच्याखाली दाखवा काय! संपला!”

मी भाषणाचा दुसरा खंड काढायच्या बेतात होतो, तेवढ्यात निलेश खोकला. मग पुन्हा खोकला. मनीषाने त्याला पाणी नेऊन दिलं. तो पेल्यात तोंड घालून काहीतरी पुटपुटला. होणाऱ्या जावयाने सासरच्या वडीलधाऱ्यांची चूक दाखवायची नसते, एवढं त्याला कळत होतं. मनीषा माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “काका, ती यादी जरा वाचा ना. तुम्ही लिहिलंय तशी, वरून खाली.”

मी चष्मा लावला. वरून खाली वाचलं. एक. दहा. अकरा. बारा. दोन. तीन. चार. आणि असं करत करत शेवटी, तळाला, नऊ.

टीव्ही हा बालवाडीतला विद्यार्थी असतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्याला संख्या समजत नाहीत, नुसता पहिला आकडा दिसतो. एकने सुरू होणारे सगळे एका बाकावर, मग दोन. म्हणजे रघुनाथच्या घराने केदारला आधी बुडवला आणि मग त्याचं उरलेलं आयुष्य पाहिलं! बरं, गोष्ट काळप्रवासाची. तिच्यात मेलेला माणूस पुढच्या भागात मोटारसायकलवरून आला तरी कुणाला काय खटकणार?

टीव्ही बिघडला आहे, असं म्हणायची सोय होती. ते शब्द जिभेवर आलेही होते. पण समोर रमणभाऊ चप्पल धरून बसलेले, आणि मनीषा माझ्याकडे अशी बघत होती, की जणू तिला कुणीतरी सलाइनची बाटली धरून उभं केलंय आणि सुई माझ्या हातात आहे.

“रमणभाऊ,” मी म्हणालो, “तुम्ही पाहिलं ते खरं. रघुनाथने पाहिलं तेच त्याने सांगितलं, तेही खरं. भाग उलटसुलट लागले. चूक माझी आहे. आकडे मी घातले, सूचनाही मीच लिहिली.”

मोठेपणाने चूक कबूल केल्याचं समाधान मी पुरतं चाखलंही नव्हतं, तोच रघुनाथ विचारात पडल्यासारखा बोलला.

“पन भावोजी, मी टेकाडावरनं फोन केलता ना? इचारला होता, एकच्या नंतर डायरेक दहा कसा?”

“मंग?” रमणभाऊंमधला पंच जागा झाला. “गुर्जी काय बोलले?”

रघुनाथला खोटं बोलता येत नाही. त्याने माझा आवाजसुद्धा काढला. “बोलले, रघुनाथ, ही काळप्रवासाची मालिका आहे. इथे काळ सरळ चालत नसतो. सामान्य माणसाने नम्रपणे पाहावं.”

पहिली हसली सुमन. नवरा उघडा पडत असताना बायकोने इतकं मोकळं हसू नये, असं माझं मत आहे. “तीस वर्षं!” ती डोळे पुसत म्हणाली. “तीस वर्षं पोरांना सनावळी घोकायला लावली ह्यांनी! एक सन मागेपुढे झाला की अर्धा गुण कापायचे!”

मग गंगाबाई हसल्या, जया हसली, निलेश खोकला न काढता हसला, आणि रमणभाऊ तर असे हसले, की खाटेची एक दोरी तुटली. हसणं आवरून त्यांनी चप्पल जागेवर ठेवली आणि निवाडा दिला.

“ह्या घराने बगितला तेच सांगितला. पोरीची पैज लावली, पन शब्द फिरवला नाय. आनि गुर्जींनी आपली चूक सगल्यांसमोर कबूल केली, ती पन एवडी मोटी! असाच घर पायजे. बराबर ने? आना तो तांब्या.”

“थांबा,” गंगाबाई म्हणाल्या.

रमणभाऊंचा हात पुन्हा तांब्यापासून मागे आला.

“आदी मला तुमच्यासारखा दाखवा. चार दिस मी त्या पोरासाठी धड जेवले नाय. माजा बारावा भाग बगून झालाय ने? मंग आता दोनपासून लावा!”

लावलं. भाग अर्ध्या अर्ध्या तासाचे. तांदळाच्या भाकऱ्या आणि कोंबडीचा रस्सा टीव्हीसमोरच वाढला गेला. आजूबाजूच्या घरांतली माणसं येऊन बसली. मनीषा आणि निलेश यांना मागच्या भिंतीशी एका घोंगडीवर जागा मिळाली आणि त्यांनी एकही भाग पाहिला नाही. उन्हं कलता कलता नववा भाग आला, बोंबलाचं ताट आलं, आणि गंगाबाईंनी टाळ्या वाजवल्या. “जगला गो बाई! जगला!” शेवट तोंडपाठ असलेल्या रमणभाऊंनी गमछ्याने डोळे टिपले, तांब्या उचलला आणि अर्ध्याहून अधिक गूळपाणी, मुंग्यांसकट, एका दमात पिऊन टाकलं. रघुनाथला जेमतेम दोन घोट उरले. तेवढे पुरले.

लग्न माघात झालं, ठरल्या दिवशी, थाटात. रमणभाऊ आजही ठामपणे सांगतात, की हे सगळं नशिबात होतं, ती चूक व्हायचीच होती. रघुनाथ तितक्याच ठामपणे सांगतो, की नशीब बदलता येतं, भावोजींनी बदलून दाखवलं. व्याही भेटले की वाद पहिल्यापासून सुरू होतो आणि कोंबडी शिजेपर्यंत चालतो. एका मुद्द्यावर मात्र दोन्ही घरांचं पूर्ण एकमत आहे, आणि निलेश-मनीषाचा संसार त्यावरच भक्कम उभा आहे: गुरुजींना काही कळत नाही. संसाराला पाया खोल लागतो म्हणतात. तेवढी खोली रानशेत ते तलासरी या टापूत फक्त माझ्या अज्ञानात सापडली.