चांदीची घंटी

मोनिकाच्या नवऱ्याचा चष्मा सोडाबाटलीच्या बुडासारखा जाड. आपल्या आरोहीला बापाचे डोळे मिळू नयेत, ही भीती तिच्या पोटात कायमची बसलेली. लोहारा तालुक्यातलं ऊन म्हणजे नुसता जाळ; त्यानं डोळे जातात, अशी तिची पक्की समजूत. म्हणून शाळा सुटली की पोरगी आतल्या खोलीत, पुस्तकात नाक खुपसून.

रोज संध्याकाळी मात्र मोनिका तिला उंबऱ्यात उभी करायची. समोरच्या माळावरून दिराच्या शेळ्या परतायच्या.

"पुढं कोण हाय गं?"

"चांदी!" आरोही झटक्यात सांगायची. ते बरोबरच असायचं. मोनिकाला तेवढ्यानं रात्रीची झोप लागायची.

एके दिवशी चांदीच्या गळ्यातली घंटी बोरीच्या काट्यात अडकून तुटली. शेळ्या गुमान समोरच्या बांधावर येऊन उभ्या राहिल्या.

"पुढं कोण हाय गं?"

"अजून आल्याच न्हायत की, आई."

मोनिकानं चांदीच्या रिकाम्या गळ्याकडं बघितलं. पोरगी इतके दिवस डोळ्यांनी बघतच नव्हती, कानांनी ओळखत होती.

उमरग्याच्या डॉक्टरीणबाईंनी नंबर काढला. "थोडं बापाकडून येतं. पण दिवसाउजेडी बाहेर किती खेळते ही?"

"डोळं जपावं म्हणून म्या तिला उनात जाऊच दिलं न्हाय, मॅडम."

"अहो, बाहेरचा उजेडच तर हवा होता तिला. सारखं जवळ धरून वाचणंही नडलं."

दवाखान्याबाहेर रणरणतं ऊन होतं. कडेवरच्या धाकट्या लेकाच्या डोळ्यांवर पदर ओढायला सवयीनं मोनिकाचा हात वर गेला, आणि तिथंच थांबला.