देखी लेसूत

निवडणुकीपासून माझं आणि माझ्या दिराचं बोलणं बंद होतं. घर एकच, चुली दोन, मध्ये एक भिंत. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याने एका पुढाऱ्याचा बनावट फोटो टाकला. मी एवढंच लिहिलं की टाकण्याआधी खरं-खोटं बघत जा रे. त्यावर या शहाण्याने अख्ख्या गावासमोर लिहिलं, 'मास्तरीणबाईंनी फळ्यापुरतंच बोलावं.' खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात माझ्याच हाताखालून शिकून गेलेले होते. मी हायस्कुलात मराठी शिकवते. डोकं असं फिरलं की तिथल्या तिथे ग्रुप सोडला.

आणि हाच दीर एका सकाळी माझ्या दारात उभा. तोंड सुकलेलं.

"वहिनी, पोलीस ठाण्यात बलावेल शे."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. त्याने एका कंपनीची पपईची रोपं लावली होती. प्रत्येक झाडाला फळ धरेल, अशी कंपनीच्या साहेबाने बांधावर उभं राहून ग्वाही दिली होती. फुलोरा आला तेव्हा निम्मी झाडं नर निघाली. फुलं भरपूर, फळ एकाला नाही. कंपनी म्हणाली, तुमच्या जमिनीचा दोष. हा साहेब आमच्या ग्रुपवरही होता, रोज सकाळी सुविचार टाकायचा. लोकांनी नर झाडांचे फोटो टाकायला सुरुवात केली आणि त्याने अॅडमिनच्या कानाला लागून ग्रुपच बंद करायला लावला. फक्त अॅडमिनने लिहायचं. लोकांचं तोंड दाबायला याहून सोपा उपाय मी पाहिला नाही. पण ग्रुप बंद व्हायच्या आधी माझ्या दिराचा आवाजी मेसेज गेला होता. शेवटी तो म्हणाला होता, 'गावमा या तुम्ही. बठ्ठा जन मिळीसन देखी लेसूत.'

कंपनीने धमकीची तक्रार दिली. घाबरून याने मेसेज पुसला, पण साहेबाने तो आधीच दुसऱ्या मोबाईलवर उतरवून घेतला होता.

एरवी मी म्हटलं असतं, भोग आता. पण माझा दीर पोलीस पाटलाची परीक्षा पास झाला होता. तिसऱ्या खेपेला. आता फक्त चारित्र्याची पडताळणी राहिली होती, आणि ती याच ठाण्यातून व्हायची. तिथे एक नोंद झाली की पद गेलं. भिंतीपलीकडे जाऊबाई रात्रभर रडत होती, ते मला ऐकू आलं होतं.

"तू मराठीनी मास्तरीण शे," तो म्हणाला. "ठाणाना साहेबले समजाड."

फळ्यापुरतंच ना, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. ज्यांनी अंगठे दिले होते त्यातला एकही सोबत यायला तयार नव्हता. एकाच्या म्हशीला बरं नव्हतं, एकाला अचानक धुळ्याला जायचं होतं. माझा नवरा म्हणाला, तूच जा, तुझं साहेब ऐकतील. सगळे पुरुष कसे वेळेवर हुशार होतात.

ठाण्यातले साहेब कोल्हापूरकडचे होते. मला खुर्ची दिली, दिराला उभं ठेवलं. कंपनीचा तोच सुविचार टाकणारा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून आधीच बसला होता. त्याने मोबाईल टेबलावर ठेवून वाजवला. 'गावमा या तुम्ही. बठ्ठा जन मिळीसन देखी लेसूत.' एवढंच. आवाज चढलेला होता, हे मलाही कळलं.

"याचा अर्थ काय?" साहेबांनी दिराला विचारलं.

आमच्याकडे माणूस घरात, शेतात, बाजारात अहिराणी बोलतो. पण साहेबासमोर गेला की शाळेतली मराठी काढतो, लग्नातला सदरा काढावा तशी. दिराने हात जोडले आणि शुद्ध मराठीत सांगितलं, "साहेब, मी म्हणालो की आम्ही सगळे मिळून बघून घेऊ."

कंपनीचा माणूस खुर्चीत मागे रेलला. पोरं निबंधात 'देखलं' लिहितात, मी लाल पेनाने 'बघितलं' करते. वर्षानुवर्षं हेच करते आहे. आणि या बाबाने आज माझीच शिकवण स्वतःच्या गळ्यात अडकवून घेतली होती.

मी उठले. म्हटलं, "साहेब, याने शब्दाला शब्द लावला, अर्थ सांगितलाच नाही. आमच्याकडे देखणं म्हणजे नुसतं पाहणं. पोरगी पसंत करायला निघतात तेव्हाही म्हणतात, चला, देखी लेसूत. बैल घेताना तेच. हा म्हणतोय की गावात या, आपण सगळे मिळून बाग पाहू. मराठीतलं बघून घेणं वेगळं."

साहेबांनी हवालदाराकडे पाहिलं. तो आमच्याच धानोऱ्याकडचा, तोवर छापील मराठी बोलत होता. मान खाजवत म्हणाला, "तसंबी म्हनतस, साहेब."

"बाई, तुम्ही पूर्ण रेकॉर्डिंग ऐकलं आहे?"

मी कुठून ऐकणार? मी तर ग्रुपमधून रुसून बाहेर. म्हटलं, "पूर्ण आहेच कुठे? वाजवा ना पूर्ण."

"आमच्याकडे एवढंच आहे," कंपनीचा माणूस म्हणाला.

मला एकदम राग आला. "झाडांविषयी बोलला ते कुठे गेलं? ते कापलंत?"

तो मोबाईल खिशात घालू लागला. पपईत नर कुठला नि मादी कुठली हे यांना कळलं नव्हतं, पण माणसाचं बोलणं कुठे कापायचं ते बरोबर कळलं होतं. साहेबांनी ते पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"बाई, तुम्ही शिक्षिका आहात. तुमच्या शब्दावर मी हे सोडून देऊ?"

"माझ्या लेकाची शपथ, साहेब," मी म्हटलं. "यात धमकी नाही." शपथ कुणी मागितली नव्हती. तोंडातून निघून गेली.

कंपनीचा माणूस बाहेर जाऊन फोनवर बोलला. परत येऊन म्हणाला, आम्हाला वाढवायचं नाही. तक्रार मागे घेतली गेली. नोंद झाली नाही.

बाहेर आल्यावर इतक्या महिन्यांचं सगळं तोंडाशी आलं. मी दिराला झाडायला सुरुवात केली. "साहेबासमोर मराठी पाजळायला कुणी सांगितलं होतं? चुकीचा अर्थ सांगून सगळं घालवत होतास."

तो मोटारसायकलच्या हँडलकडे बघत होता.

"वहिनी, मी बरोबरच सांगं."

"म्हणजे?"

"तो गावमा उना असता, ते आम्ही त्याना हातपाय तोडनार व्हतूत. बठ्ठासनं ठरेल व्हतं." मग हळूच म्हणाला, "मी खोटं नही बोलनू. तू बोलनी. तू शपथ लिधी, तवय माले काय सुचनंच नही."

मला त्याच्या कानाखाली वाजवायची होती. हात उचललाच नाही. मी पर्समधून फोन काढला. मुलगा नाशिकला शिकायला आहे. रिंग जात राहिली, त्याने उचलला नाही. पुन्हा लावला. मी ठाण्याच्या भिंतीला टेकले.

"काय वं आई? क्लासमा शे मी."

"बरा शे ना?"

"बरा शे. काय जयं?"

"काही नही. जेवी ले."

त्याने ठेवल्यावरही मी फोन कानालाच धरून होते. दीर गाडी सुरू करून माझी वाट बघत होता. मी त्याला जा म्हणून हात केला आणि एसटी स्टँडकडे चालायला लागले.